पंख्याखालची सोबत : स्मरणरंजनाच्या एका आरोपाविषयी

मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' हा शब्द वर्णनापेक्षा निकाल म्हणूनच अधिक वापरला जातो. एखाद्या आत्मपर लेखनाला तो शब्द लावला की त्या लेखनाचा विचार तेथेच थांबतो. त्यातील तपशील, निवेदनाची रीत, गाळलेल्या जागा यांच्याकडे पाहण्याची मग गरज उरत नाही. हा निकाल अनेक पुस्तकांच्या बाबतीत योग्यही असेल. गावाकडचा वाडा, आजीचा पदर आणि चुलीवरची भाकरी एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ललित लेखांची संख्या आपल्याकडे कमी नाही. तथापि एका विशिष्ट प्रकारच्या स्मरणाला हा शब्द लावताना आपण थोडे थांबावे, असे आम्हांला सुचवायचे आहे. ते स्मरण म्हणजे सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांवर एकत्र काम केलेल्या निवृत्त माणसांचे, एकमेकांविषयीचे आणि आपल्या यंत्राविषयीचे स्मरण होय.

विषय मराठीच्या अध्यापकांनी घ्यावा असा वाटणार नाही. म्हणून प्रथम शब्दापासूनच सुरुवात करू. 'नॉस्टॅल्जिया' या ज्या शब्दासाठी आपण स्मरणरंजन हा प्रतिशब्द योजतो, तो मुळात वैद्यकातील आहे. योहानेस होफर या तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. परमुलखात असलेल्या स्विस माणसांना, विशेषतः भाडोत्री शिपायांना, घराच्या ओढीने जो आजार जडत असे त्याचे ते नाव होते. म्हणजे हा शब्द शिपायांच्या छावणीशी जन्मापासून जोडलेला आहे. आपल्या विषयात मात्र त्याची दिशा उलटलेली दिसते. येथे शिपाई घरी सुखरूप परतला आहे, निवृत्तिवेतन मिळते आहे, नातवंडे अंगाखांद्यावर आहेत. आणि ओढ लागली आहे ती घरापासून दूर असलेल्या, थंडीने गारठलेल्या, तेलाच्या वासाने भरलेल्या एका अरुंद जागेची. घरात बसून लागलेल्या या ओढीला मराठीत नाव नाही. 'स्मरणरंजन' हे नाव तिला पुरत नाही.

आमच्या शहराचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. उस्मानपुरा हा आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, पूर्वीच्या औरंगाबादेतील, महाविद्यालयांचा आणि संत एकनाथ रंगमंदिराचा भाग. शहराची छावणी येथून फार लांब नाही. सैन्यात अधिकारी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना घडवणारी राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एसपीआय, १९७७ पासून याच शहरात आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर पाहिले तर हेलिकॉप्टरांच्या खुणा अधिक ठळक होतात. तोफखान्याच्या देवळालीला हवाई निरीक्षणाची जुनी परंपरा आहे. सेनेचे स्वतंत्र हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था २००३ मध्ये नाशिकजवळ गांधीनगरच्या धावपट्टीवर उभी राहिली. मुंबईत कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. पूर्वी त्याचे नाव कुंजाली होते, २००९ पासून शिक्रा आहे. या सर्व ठिकाणांहून निवृत्त झालेली माणसे आपल्या शहरांत, आपल्या शेजारी राहतात. मराठी वाङ्मयाच्या नकाशावर मात्र ती जवळजवळ नाहीत.

असे का व्हावे, याचे एक कारण हेलिकॉप्टरच्या स्वरूपातच आहे. लढाऊ विमानाचा वैमानिक एकटा असतो. त्याची कथा वीरकथेच्या साच्यात सहज बसते. भारतीय हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र १९७१ च्या युद्धातील नॅट विमानाच्या वैमानिकाचे, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे आहे. हेलिकॉप्टरचे काम मुख्यतः वाहून नेण्याचे. १९५४ मध्ये पहिली एस-५५ हेलिकॉप्टरे हवाई दलात आली, त्यामागोमाग एमआय-४, चेतक, चीता, एमआय-८, एमआय-१७ आली. आणि या सर्वांनी जे वाहिले ते म्हणजे सैनिक, जखमी, रॉकेल, बटाटे, तोफांचे सुटे भाग, मतपेट्या, पूरग्रस्त आणि प्रेते. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनची मोहीम सुरू झाल्यापासून तेथील उंच चौक्यांना जे मिळत गेले त्यातील कितीतरी चीताच्या पोटातून गेले. ओझे वाहणाऱ्याची कथा लिहिण्याचा सराव आपल्या युद्धवाङ्मयाला नाही. ते पराक्रमाची वाट पाहते आणि खेपा मोजत नाही.

वस्तुतः पराक्रमही होता. पण तो खेपांच्या रूपात होता. ९ डिसेंबर १९७१ रोजी मेघना नदीवरील पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला आणि ढाक्याची वाट अडली. तेव्हा लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरचे सैनिक एमआय-४ हेलिकॉप्टरांनी नदीपलीकडे नेले गेले. ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांनी या उड्डाणांची आखणी केली होती. त्यापूर्वी दोनच दिवस, ७ डिसेंबरला, गुरखा पलटण अशीच सिल्हेटजवळ उतरवण्यात आली होती. रात्रीच्या खेपांत उतरण्याच्या जागा हातबत्त्यांनी दाखवल्या गेल्या. एमआय-४ ची रचनाही ध्यानात घ्यावी. इंजिन नाकात, त्याच्या वर वैमानिक, आणि मागे-खाली सैनिकांची जागा. जा, उतरव, परत ये, पुन्हा भर, पुन्हा जा. हे वर्णन एका वाक्यात संपते आणि ते करणाऱ्यांच्या आयुष्यात पन्नास वर्षे पुरते. कादंबरीकाराला ते एकसुरी वाटेल; ज्यांनी ते केले त्यांना त्यातील प्रत्येक खेप वेगळी आठवते.

या माणसांमधील सोबत कशी तयार होते, हे समजण्यासाठी यंत्राची थोडी माहिती आवश्यक आहे. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचा डावा हात कलेक्टिव्ह नावाच्या दांड्यावर असतो. तो वर घेतला की पात्यांचा कोन वाढतो आणि यंत्र उचलले जाते. उजवा हात सायक्लिकवर; त्याने दिशा. दोन्ही पाय शेपटीच्या छोट्या पंख्यासाठी. दोन हात, दोन पाय एकाच वेळी गुंतलेले आणि एकातला बदल उरलेल्या तिघांना बदलायला लावणारा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विंचने माणूस वर ओढताना वैमानिकाला आपल्या खालचे काहीच दिसत नाही. दाराशी झोपलेला सहकारी हेडफोनमधून सांगतो : थोडे पुढे, थोडे डावीकडे, स्थिर, स्थिर. वैमानिक त्या आवाजावर यंत्र तोलून धरतो. एमआय-८ आणि एमआय-१७ मध्ये दोन वैमानिकांच्या मध्ये फ्लाइट इंजिनिअर बसतो. घड्याळांच्या काट्यांवर त्याची नजर असते आणि त्याच्या एका शब्दावर उड्डाण चालू राहायचे की उतरायचे हे ठरू शकते. येथे मैत्री ही भावना म्हणून नंतर येते. आधी ती एक कार्यपद्धती असते : दुसऱ्याचे डोळे आपले मानणे.

दुसरी गोष्ट सामाजिक आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच अधिक वाङ्मयीन आहे. वैमानिक अधिकारी असतो. इंजिनिअर, गनर, तंत्रज्ञ हे बहुधा वायुसैनिक, सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर असतात. जमिनीवर त्यांच्या खाणावळी वेगळ्या, निवासस्थाने वेगळी, वागण्याचे रिवाज वेगळे. हवेत मात्र ते हाताच्या अंतरावर बसतात आणि त्यांचा शेवट एकच असू शकतो. ज्या समाजात कोणी कोणासोबत बसावे हा प्रश्न शतकानुशतके जीवघेणा ठरला, त्या समाजाच्या वाङ्मयाला ही केबिन विशेष बोलकी वाटायला हवी. ती समतेचे आदर्श चित्र आहे असे आम्ही म्हणत नाही. हुकूम देणारा आणि घेणारा तेथेही ठरलेला असतो. पण ती एक विलक्षण जागा आहे, आणि निवृत्तीनंतरच्या भेटीत हीच जागा पुन्हा उभी केली जाते.

उस्मानपुऱ्यात अशी काही निवृत्त मंडळी अधूनमधून एकाच्या घरी जमतात. आम्ही मराठीचे काही अध्यापक गेल्या काही हिवाळ्यांत त्यांच्यात जाऊन बसलो. त्यांची नावे, युनिटे, गावे येथे देत नाही. ती त्यांची आहेत. आम्ही नोंदवतो ती त्यांच्या बोलण्याची काही लक्षणे. पहिले लक्षण म्हणजे सर्वजण मोठ्याने बोलतात. वर्षानुवर्षे गिअरबॉक्स आणि पात्यांच्या आवाजात काम केल्याने अनेकांचे कान अधू झालेले आहेत. कंबरदुखी तर प्रत्येकाची. त्यामुळे बोलणे जितके तोंडाने तितकेच हातांनी होते. डावा हात मांडीशेजारी सावकाश वर उचलला गेला, की बाकीच्यांना कळते की गोष्टीतले यंत्र आता जमीन सोडते आहे. निवेदनाचा हा भाग कोणत्याही ध्वनिमुद्रणात येणार नाही.

दुसरे लक्षण सर्वनामांचे आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद आहे. पहिल्यात ऐकणारा सामावतो, दुसऱ्यात तो बाहेर राहतो. ही मंडळी एकमेकांशी बोलताना सतत 'आपण' वापरतात : आपण तेव्हा उतरलो, आपल्याकडे तेव्हा तेल कमी होते. जो त्या खेपेत नव्हता, त्या वर्षी दुसऱ्याच राज्यात नेमणुकीवर होता, तोही त्या 'आपण'मध्ये असतो आणि मान डोलावतो. आमच्याकडे वळून बोलले की मात्र लगेच 'आम्ही' होते. 'मी' फार क्वचित येतो. आला तर तो बहुधा स्वतःच्या फजितीसाठी. आत्मचरित्रात 'मी' केंद्रस्थानी असतो असे आपण शिकवतो. येथे आत्मचरित्र बहुवचनात सांगितले जाते आणि ते सांगण्यासाठी किमान तिघे लागतात. एकाला वर्ष आठवते, दुसऱ्याला यंत्राचा क्रमांक, तिसऱ्याला त्या दिवशी डब्यात काय होते ते.

तिसरे लक्षण संबोधनांचे. वयाने मोठा असलेला निवृत्त वॉरंट ऑफिसर आपल्याहून लहान असलेल्या निवृत्त वैमानिकाला अजूनही 'सर' म्हणतो; वैमानिक त्याला आडनावाने, पण 'अहो' लावून हाक मारतो. स्त्रिया मात्र एकमेकींना सरळ 'वहिनी' म्हणतात. हुद्द्याची भाषा आणि नात्याची भाषा एकाच दिवाणखान्यात शेजारी शेजारी चालते. केबिनमधली जवळीक आठवली जाते, खाणावळीतली भिंत आठवली जात नाही. पण 'सर' या एका शब्दात ती भिंत शाबूत असते. स्मरण काय गाळते हे पाहायचे असेल तर ते कोणते शब्द गाळू शकत नाही हे पाहावे.

चौथे लक्षण मौनाचे. गोष्ट रंगात आलेली असते, एखाद्याचे नाव निघते, आणि कोणीतरी म्हणते, "मग ते झालं." सर्वनाम नाही, कर्ता नाही, क्रियापदही सर्वांत साधे. क्षणभर थांबून चहाचा विषय निघतो. ज्याचे नाव निघाले तो परत आलेला नसतो. हे वाक्य टाळाटाळीचे आहे असे प्रथम वाटते. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर लक्षात येते की ते त्या गटाचे ठरलेले वाक्य आहे, पोथीतल्या खुणेसारखे. ते उच्चारले की प्रत्येकजण आपापल्या मनात उरलेले पान वाचतो.

आता आक्षेपाकडे येऊ. स्मरणरंजनावरचा गंभीर आक्षेप असा, की ते भूतकाळाला रंगवते आणि त्यामुळे वर्तमानातील अन्याय झाकते. संस्कृत धातूचा अर्थ पाहिला तर हा आक्षेप शब्दातच दडलेला आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, आणि त्यातूनच आनंद देणे. सैनिकी सोबतीच्या बाबतीत हा आक्षेप अधिकच गंभीर होतो, कारण तेथे जिवाचा प्रश्न आहे. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण २७ फेब्रुवारी २०१९ चे. बालाकोटवरील हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानी विमाने सीमेवर आलेली असताना, बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. दोन वैमानिक अधिकारी आणि चार वायुसैनिक असे सहाही जण, तसेच जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. वैमानिकांपैकी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे. त्यांचे शिक्षण आमच्याच शहरातील एसपीआयमध्ये झाले होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, आणि ही मोठी चूक होती, असे हवाई दलाचे तत्कालीन प्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमारसिंग भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या सकाळची सार्वजनिक आठवण आज बहुतांशी एका लढाऊ वैमानिकाभोवती फिरते. त्याच सकाळी त्याच आकाशात गेलेले हे सात जीव त्या आठवणीच्या कडेला पडले. वीरकथेच्या साच्यात त्यांना जागा नाही, कारण त्यांना शत्रूने मारले नव्हते.

दुसरे उदाहरण यंत्रांचे. चेतक आणि चीता ही एका इंजिनाची हेलिकॉप्टरे; त्यांचे मूळ फ्रेंच आराखडे १९५० आणि १९६० च्या दशकांतील. हिमालयातील उंचीवर त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही आणि त्यांच्यावर काम केलेली माणसे त्यांच्याविषयी जिवंत प्राण्याविषयी बोलावे तसे बोलतात. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेली येथे सेनेचे चीता कोसळून तीन अधिकारी मरण पावले, आणि त्यानंतर सैनिकी वैमानिकांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी यंत्रे सेवेतून काढावीत अशी मागणी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे केली. पतीची आठवण ज्या यंत्राने सुंदर केली, तेच यंत्र पत्नीला झोपू देत नव्हते. निवृत्तांच्या मैफलीत चीताचे कौतुक ऐकताना ही मागणी आमच्या मनातून जात नाही, जाऊही नये.

तर मग स्मरणरंजनाचा आरोप सिद्ध झाला का? आमच्या मते नाही, आणि त्याचे कारण आम्ही त्या दिवाणखान्यातच पाहिले. बडगामचा विषय आम्ही भीत भीत काढला तेव्हा तो टाळला जाईल अशी आमची अपेक्षा होती. तो टाळला गेला नाही. जमिनीवरून हवेतले यंत्र आपले की परके हे कसे ओळखले जाते, त्यासाठीची उपकरणे कोणती, ती चालू आहेत की नाहीत हे कोण पाहतो, अशी तासभर चर्चा झाली. त्या चर्चेत राग होता आणि नेमकेपणा होता. चीताविषयी विचारले तेव्हा त्याच्यावर सर्वाधिक जीव असलेल्या गृहस्थांनीच त्याची वये, त्याचे सुटे भाग आणि एकाच इंजिनाचा धोका कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला. त्यांच्या पत्नी आतल्या खोलीतून येऊन म्हणाल्या, "हे आज सांगताय. तेव्हा विचारलं की 'काही होत नाही' म्हणायचा." सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. त्यांचे ते वाक्य आमच्या नोंदवहीतील सर्वांत मोलाचे वाक्य आहे.

यावरून आम्ही एक भेद सुचवतो. ज्या स्मरणात हवा असलेला तपशीलच टिकतो आणि नको असलेला प्रश्न आला की स्मरण विरते, त्याला स्मरणरंजन म्हणावे. ज्या स्मरणाला प्रश्न विचारला असता ते अधिक नेमके होते, त्याला साक्ष म्हणावे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोहोंत हसू आहे, दोहोंत जुने दिवस आहेत. प्रश्न विचारल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही. आणि प्रश्न न विचारताच निकाल देण्याची सवय समीक्षेला लागली असेल, तर त्यात तोटा साक्षीचा होतो.

हा भेद आपल्याच परंपरेतून समजून घेता येतो. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन १९७९ चे. त्यांचे अध्यापन याच शहरात झाले. पुस्तकाच्या नावात 'आठवणी' आहेत, म्हणून कोणी त्याला स्मरणरंजन म्हणाले नाही. दलित आत्मकथनांनी आठवण हा प्रकारच साक्षीच्या बाजूला ओढून आणला आणि समीक्षेला आपली मापे बदलावी लागली. जगातही अशी उदाहरणे आहेत. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर चालवलेल्या रॉबर्ट मेसन यांचे 'चिकनहॉक' १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबत्यांवरची माया आणि स्वतःला वाटलेली भीती ही दोन्ही त्यात एकत्र नांदतात. भीती कबूल केल्याने सोबत उणी होत नाही. भीती एकमेकांना ठाऊक होती म्हणूनच ती सोबत होती.

मराठीतील आणखी एक उदाहरण आम्हांला अधिक जवळचे वाटते. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आपण सर्वजण शिकवतो. वरसईचे हे भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी तो लिहून काढला. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण संस्कार करून. मूळ लेखन वाचकांपुढे येण्यासाठी दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. या हकिकतीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. एक, गोडसे भटजी सैनिक नव्हते, लेखक नव्हते; कोणीतरी "लिहा" म्हणाले म्हणून ते लिहिले गेले. दोन, ज्याने लिहवून घेतले त्यालाच ते जसेच्या तसे ठेवण्याचा धीर झाला नाही.

आज 'लिहा' म्हणणारे कोण आहे? १९७१ मध्ये मेघनेवर खेपा करणारा बावीस वर्षांचा तरुण आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. एमआय-८ ला डिसेंबर २०१७ मध्ये येलहंका येथे समारंभाने निरोप दिला गेला. यंत्रांना निरोप देण्याची रीत आहे, त्यांच्यावर काम केलेल्यांचे बोलणे जपण्याची रीत नाही. अधिकाऱ्यांपैकी काहींनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आहेत आणि ते चांगलेच झाले. पण फ्लाइट इंजिनिअरने, गनरने, रात्रभर थंडीत पाते तपासणाऱ्या तंत्रज्ञाने लिहिलेले मराठीत काय आहे? जी केबिन दोघातिघांनी मिळून चालवली, तिची कथा एकाच आसनावरून सांगितली जाते. हा वाङ्मयीन प्रश्न आहे, आणि तो निवेदकाच्या स्थानाचा प्रश्न म्हणून आपण वर्गात रोज शिकवतो.

म्हणून मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आमची सूचना अगदी साधी आहे. लघुप्रबंधासाठी तेच ते चार कादंबरीकार पुन्हा घेण्याऐवजी काहीजणांनी अशा निवृत्त माणसांकडे जावे. एकट्याला गाठू नये, दोघातिघांना एकत्र बसवावे. कारण ही आठवण बहुवचनी आहे. अधिकाऱ्याइतकाच वेळ वायुसैनिकाला द्यावा आणि पत्नीला आतल्या खोलीत राहू देऊ नये. यंत्राविषयी विचारावे, यंत्र समजले की माणूस आपोआप बोलू लागतो. अपघाताविषयीही विचारावे, पण उत्तरासाठी आग्रह धरू नये. 'मग ते झालं' हे वाक्य आले तर ते तसेच लिहावे, त्याच्यापुढे आपली वाक्ये जोडू नयेत. भाषा हिंदी-इंग्रजी-मराठीची मिसळ असेल. ती शुद्ध करू नये. नाव छापायचे की नाही हे सांगणाऱ्याने ठरवावे.

अशा संकलनातून थोर साहित्य निर्माण होईल असे आश्वासन आम्ही देत नाही. त्यातील बरेचसे पुनरुक्तीचे, काही फुशारकीचे, काही कंटाळवाणेही असेल. परंतु २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर घिरट्या घालणारे एमआय-१७ साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. दोरावरून उतरणारे कमांडो सर्वांना आठवतात. सप्टेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात, पुरात अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढली गेली. वाचलेल्यांचे चेहरे वर्तमानपत्रांत आले. या दोन्ही वेळी यंत्र हवेत तोलून धरणारी, दाराशी ओणवून "स्थिर, स्थिर" म्हणणारी माणसे कोण होती, ती नंतर घरी जाऊन काय बोलली, हे मराठी वाचकाला ठाऊक नाही. ती माणसे यथावकाश निवृत्त होतील, कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतील आणि मोठ्याने बोलू लागतील. त्यांच्या बोलण्याला स्मरणरंजन म्हणण्यापूर्वी निदान एकदा तेथे जाऊन बसावे आणि एखादा अवघड प्रश्न विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.